तालमीची वेळ कुणी ठरवली?

‘हल्ली नाटकाला बायकाच मिळत नाहीत हो.’

हौशी नाटकवाल्यांच्या बैठकीत दहा मिनिटं बसलं की हे वाक्य कानावर पडतंच. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले, की आमच्या कोल्हापुरात ते जरा जास्तच ऐकू येतं. म्हणणारे गृहस्थ वाईट नसतात. पदरचे पैसे घालून नाटक करतात, नोकरी सांभाळून रात्री जागतात. पण बोलतात असं, की जणू बाई म्हणजे रेशनवरची साखर. या महिन्यात आलीच नाही! मग उपाय काय, तर ‘स्त्रीपात्रविरहित’ नाटक शोधायचं. एकांकिकांच्या पुस्तकांवर हा शब्द कसा ठळक छापलेला असतो, आठवून पाहा. गोळ्यांच्या डबीवर ‘साखरविरहित’ छापतात तसा.

मैत्रिणींनो, त्या न मिळालेल्या बायकांपैकी मी एक आहे. का मिळाले नाही ते पुढं सांगते. पण आधी सांगायचंय ते हे, की बाई मिळत नाही हे खरं नाही. बाई असते, तिला काम करायचंही असतं. तालीमच अशी ठेवलेली असते, की तिनं येऊ नये. आणि ही गोष्ट फक्त ‘त्यांच्या’ नाटकांची नाही. स्त्रीमुक्तीची नाटकं बसवणाऱ्या आपल्याच गटांत मी ती पाहिली आहे, आणि त्यात माझाही हात होता.

कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका डोळ्यांपुढं येतात. पेठापेठांतून तालीम मंडळं आहेत. नाटकाची तालीम ही दुसरी. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान आणि १९१५ साली पूर्ण झालेलं पॅलेस थिएटर पाठीला पाठ लावून बांधून घेतलं, तेव्हा या दोन्ही तालमी शेजारी आल्या. कुस्तीच्या तालमीत बाईला मज्जाव होता, हे सगळेच कबूल करतात. नाटकाच्या तालमीतही तिला मज्जावच होता, हे मात्र आपण कौतुकाच्या नावाखाली विसरतो.

त्या थिएटरला पुढं ज्यांचं नाव मिळालं, ते केशवराव भोसले लहानपणी गाजले ते ‘संगीत शारदा’मधल्या शारदेच्या भूमिकेत. देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. कोवळ्या पोरीचं म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या समाजाला त्यानं खडसावलं. पण त्या पोरीचं दुःख रंगमंचावर गाऊन सांगायला मुलगा उभा. केशवरावांच्या गळ्याला नमस्कारच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पोरीचं दुःख चालतं पण पोर चालत नाही, या रीतीशी. हिराबाई पेडणेकर या कलावंत घरातल्या बाईनं १९०४ साली ‘जयद्रथ विडंबन’ लिहिलं आणि नंतर ‘संगीत दामिनी’. मोठमोठ्या लेखक-कवींची तिच्याकडं ये-जा होती. ‘दामिनी’ रंगमंचावर आणलं केशवरावांच्याच ललितकलादर्श मंडळीनं, म्हणजे पुरुषांच्या कंपनीनं. बाईनं लिहिलेली बाईसुद्धा पुरुषानंच उभी केली. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तो दिवस नाट्य-मन्वंतराचा म्हणून आपण शाळेत शिकलो. बाई रंगमंचावर आली खरी. पण ज्या खोलीत महिना-दीड महिना नाटक बसतं, त्या खोलीचे नियम कुणी बदलले?

आता जोतिबाची गोष्ट.

वाडी रत्नागिरी, म्हणजे आपला जोतिबा. कोल्हापूरपासून अठरा-वीस किलोमीटर, पन्हाळा तालुक्यात, डोंगरावर. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली निघाल्या होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात! तेव्हापासून आमचा गट या भागात बैठका घेतो. काही वर्षांपूर्वी ठरलं, की ८ मार्चला जोतिबावरच्याच बायकांना घेऊन ‘मुलगी झाली हो’ करायचं. ज्योती म्हापसेकरांनी हे नाटक १९८३ साली लिहिलं, स्त्रीमुक्ती संघटनेनं गावोगाव नेलं, त्याचे हजारो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. आम्ही त्यातले काही प्रवेश घेतले आणि मधेमधे बायकांनी बैठकीत सांगितलेले प्रसंग घालायचे ठरवले.

दिग्दर्शनाला शहरातले एक पुरोगामी गृहस्थ आले. मानधन घेणार नव्हते, त्यामुळं आम्ही आधीच उपकाराखाली. त्यांनी वेळापत्रक केलं : दर रविवारी सकाळी दहा ते चार, शिवाय आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सात ते दहा. रविवार का? तर सुट्टीचा दिवस. मी त्या कागदावर ‘ठीक’ लिहून सही केली. ती सही मला अजून बोचते.

रविवार हा जोतिबाचा वार. जोतिबावर सुट्टी कुणाची? डोंगर चढून येणाऱ्यांची! तिथल्या बाईचा तो सगळ्यात मोठ्या कामाचा दिवस. गावात बहुतेक घरं गुरव पुजाऱ्यांची. देवाला येणारी माणसं त्यांच्याकडं उतरतात, नैवेद्याच्या पुरणपोळ्या या घरांतून होतात. पहाटे पुरण शिजायला टाकायचं, दुपार टळेपर्यंत पाट्यावरून, परातीवरून, चुलीवरून हात निघत नाही. ज्यांची गुलाल-खोबऱ्याची, नारळ-पेढ्यांची दुकानं आहेत, त्यांचा आठवड्याचा धंदा रविवारी. त्यात आमच्या तालमी माघात सुरू झालेल्या. माघी पौर्णिमेनंतर खेटे सुरू होतात. कोल्हापुरातून माणसं रात्री निघून कुशिऱ्यावरून चालत डोंगर चढतात, ओळीनं पाच रविवार. म्हणजे वर्षातले गर्दीचे रविवार हुडकून आम्ही त्यावर तालीम ठेवली होती. एवढ्या वर्षांची कार्यकर्ती मी, डोंगरावर शंभर वेळा गेलेली, आणि मला हे दिसलं नाही. कारण वेळापत्रक करताना मी माझ्या कोल्हापूरच्या घरातला रविवार धरला होता.

पहिल्या रविवारी पंधराजणींपैकी चारजणी आल्या. दुसऱ्या रविवारी एक गुरवाघरची सून धावत आली, हाताला पुरण तसंच. बैठकीत तिनं स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणाची हकिकत सांगितली होती, तेव्हा सगळ्याजणी मुकाट झाल्या होत्या. आवाज तर असा, की माईकची गरज नाही. मुख्य काम तिचंच होतं. दिग्दर्शकांनी घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, ‘वहिनी, घरचं घरी ठेवून येत चला.’

घरचं घरी ठेवायला घरात कुणीतरी ते ठेवून घेणारं लागतं! दिग्दर्शकांचं घरचं त्यांच्या घरी होतं, कारण तिथं त्यांची बायको होती. या सुनेनं घरचं ठेवायचं कुणाजवळ? ती काही बोलली नाही. तीन तालमींनंतर यायची बंद झाली. तिचं काम शहरातल्या एका कॉलेजच्या मुलीला दिलं. मुलगी गुणी होती, तिचा दोष नाही. प्रयोगात तिनं त्या सुनेच्या बाळंतपणाची हकिकत सुनेच्याच शब्दांत सांगितली आणि टाळ्या घेतल्या. सून त्या वेळी चुलीपुढं होती. शारदेचं दुःख चालतं, शारदा चालत नाही, ते हेच ना? फक्त इथं मुलग्याच्या जागी शहरातली मुलगी होती आणि आयोजक आम्ही, स्त्रीमुक्तीवाल्या.

आणखी सांगते. तालमीला एक मोठी खोली मिळाली होती. फुकट मिळाली, म्हणून पुन्हा उपकार. तिला संडास-मुतारी नव्हती. पुरुषमंडळी जरा आडोशाला जाऊन यायची. डोंगरावर आडोशाला कमी नाही, पण तो पुरुषांचा. संध्याकाळच्या तालमीला येणाऱ्या बायका दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत. हे मला कुणी सांगितलं नाही. दिग्दर्शक एकीला म्हणाले, ‘आवाज चिरका येतोय, भरपूर पाणी पीत जा,’ आणि सगळ्या बायका एकदम हसल्या. का हसल्या ते त्यांना कळलं नाही. मला कळायलाही परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ लागला.

केरळात मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांची परिस्थिती तपासायला २०१७ साली न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. समितीनं २०१९ च्या अखेरीला अहवाल दिला, तो सरकारकडं पडून राहिला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. वर्तमानपत्रांनी त्यातलं लैंगिक शोषण छापलं, ते छापायलाच हवं होतं. पण त्याच अहवालात हेही आहे, की चित्रीकरणाच्या जागी बायकांना संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही, म्हणून त्या पाणी पीत नाहीत. कोट्यवधींच्या धंद्यातली नटी आणि आमच्या डोंगरावरची पुजारीण, दोघींचा घसा एकाच कारणानं कोरडा.

गावजत्रेच्या नाटकाला नाईटवर येणाऱ्या नट्यांचं तर विचारूच नका. गावातले पुरुष महिनाभर तालीम करतात आणि बाई आणतात ती एका रात्रीपुरती, फार तर एका तालमीला. अशी एकजण मला मिरजेकडच्या एका जत्रेत भेटली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चादर बांधून तिला कपडे बदलायला जागा केली होती. ती म्हणाली, ‘ताई, चादर आहे हेच नशीब. मी आधी भोकं बघते.’ त्या गावानं आपल्या बायकांना रंगमंचावर येऊ दिलं नव्हतं, अब्रू जाते म्हणून. अब्रू म्हणजे कुणाची, एवढंच विचारायचं.

कुंकवाचं सांगायचं राहिलं. आम्ही घातलेल्या एका प्रसंगात सवाष्ण सासू होती. ते काम नारळाचं दुकान चालवणाऱ्या आक्कांना दिलं. आक्का विधवा. वेशभूषेची चर्चा चालली होती, कुणीतरी म्हणालं, सासूला मोठं कुंकू. आक्कांनी विचारलं, ‘आत्ताच लावू, का एकदम परयोगाला?’ खोलीत कुणी हललं नाही. दिग्दर्शकांना घाई होती. ‘हे काय नाटक लावलंय? लावा की. नाटकच आहे ना!’ म्हणाले. त्यांना वाटलं आपण सुधारकी बोललो. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं, हे आम्हाला पाठ होतं. आमच्याच जिल्ह्यातलं गाव ते. पण ठराव पाठ असणं वेगळं आणि पंधरा माणसांसमोर एका बाईच्या कपाळाकडं बोट दाखवणं वेगळं. तिथं पाच मिनिटं थांबायला हवं होतं, तिला विचारायला हवं होतं. तालमीत खरं काम तेच होतं. ते सोडून आम्ही पुढच्या प्रवेशावर गेलो.

आक्कांनीच मार्ग काढला. पुढच्या तालमीला दुकानातला गुलाल कपाळभर माखून आल्या. म्हणाल्या, ‘जोतिबाचा गुलाल हाय. ह्यो कुणाला चुकत न्हाई.’ काम त्यांनी फार चांगलं केलं. पण हे त्यांचं शहाणपण, त्याचं श्रेय आम्ही घेऊ नये.

मी का मिळाले नाही, ते आता सांगते. तीस वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेत मी नायिकेचं काम करत होते. दिग्दर्शक एकच प्रवेश पुन्हापुन्हा घ्यायचे आणि दाखवण्याच्या निमित्तानं स्वतः नायकाच्या जागी उभे राहायचे. ‘तू आखडतेस, भावना येत नाही.’ भावना येत होती, पण ती संतापाची. इतर पुरुष पानं चाळत बसायचे. रात्री सोडायला त्यांचीच स्कूटर, कारण शेवटची बस गेलेली असायची. मी घरी काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाटक तर बंद झालंच असतं, शिवाय कॉलेजही. मी नुसती जायची थांबले. पुढं कळलं, की त्या संस्थेनं त्या वर्षी स्त्रीपात्रविरहित नाटक केलं. बायका मिळत नव्हत्या!

तेव्हा मला नाव देता आलं नाही. आज देता येतं, कारण राजस्थानातल्या एका बाईनं किंमत मोजली. भँवरीदेवी सरकारी योजनेतली साथिन. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिचं कामाचं ठिकाण कुठलं, तर गाव. त्यातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यातून २०१३ चा कायदा. नाटकवाले म्हणतात, ‘आमची हौस. आमच्याकडं कोण नोकर आणि कोण मालक?’ कायदा वाचा. त्यात कर्मचारी या शब्दात पगार न घेता, स्वेच्छेनं काम करणारी व्यक्तीही धरलेली आहे. म्हणजे फुकट काम करणारी हौशी नटी कायद्याबाहेरची नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची, समितीला सबळ कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मालकानं येण्या-जाण्याला गाडी दिली असेल, तर त्या गाडीत घडलेलंही यात येतं. ती स्कूटर मला आठवली, कलम वाचताना.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं : कला म्हणजे त्याग, घड्याळ बघून नाटक होत नाही, अशा अटी घातल्या तर गावोगावची हौशी नाटकं बंद पडतील. कलेसाठी त्याग करावा लागतो, मान्य. पण झोपेचा त्याग आणि घशाचा त्याग एकाच तागडीत कसे घालता? आणि ‘मुलगी झाली हो’ करणाऱ्या काही पेशानं नट्या नव्हत्या. नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या बायका होत्या. त्यांनी हजारो प्रयोग केले ते बायकांच्या वेळा धरून काम केल्यावाचून होणं शक्य नव्हतं. नाटक बंद पडलं नाही, उलट बाहेर कुठल्या कुठं गेलं.

एक जरा बाजूची गोष्ट. जोतीराव फुल्यांचा जन्म जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी झाला म्हणून ते नाव ठेवलं, असं सांगतात. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं, त्या काळी त्याचा प्रयोग झाला नाही. शेतकरी नवरा-बायको दोघंही शिकायला निघतात, असं नाटक. त्याची तालीम झाली असती तर बायकोचं काम कुणी केलं असतं? सावित्रीबाईंच्या शाळेतली एखादी मुलगी, असं मनात येऊन जातं.

८ मार्चनंतर आम्ही जोतिबावर पुन्हा बसलो. दिग्दर्शक नव्हते. त्या सुनेच्या घरी गेलो, परसात बसलो, मी त्या सहीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, ‘ताई, मला आधी इचारलं असतं तर मी मंगळवार सांगितला असता.’ एवढं सोपं होतं. मंगळवारी, दुपारी एक ते साडेतीन. सकाळचं उरकलेलं असतं, संध्याकाळची चूल पेटायची असते, मुलं शाळेत, लहानगी सोबत. जागा शाळेजवळची धरली, कारण तिथं संडास आहे आणि त्याला आतून कडी आहे. कडी आहे की नाही हे बघणं आता माझं काम. कोल्हापुरातून जाणाऱ्या आम्ही दोघी दुपारच्या गाडीनं जातो आणि उजेडी परततो. येणाऱ्या प्रत्येकीला गाडीभाडं, आणि दुकान बंद ठेवणारीला त्या अडीच तासांचे पैसे. वर्गणीत पहिला खर्च हा, मग पडदे. अंगणवाडीताई आणि बाहेरच्या एका वकीलबाईंचे फोन नंबर भिंतीवर लावलेत, कुणाला काही सांगायचं असेल तर.

नाटक पहिल्यापेक्षा कच्चं झालं, हे लपवत नाही. मुलं रंगमंचावर घुसतात. एकजण दर वेळी एक पान गाळते आणि दुसरी तिला सगळ्यांदेखत शिव्या घालते. शहरातल्या एका जाणकारांनी बघून तोंड वेंगाडलं. पण त्या सुनेची हकिकत आता ती स्वतः सांगते, आणि दर वेळी थोडी वेगळी सांगते, कारण ती तिची आहे. गेल्या वेळी तिनं त्यात नवऱ्याचं एक वाक्य घातलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. नवरा मागं उभा राहून ऐकत होता.

जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह आठवून कोल्हापूर रडलं. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मीही रडले. आता त्याच्या छतावर, आवाजाच्या गुणावर, नक्षीवर बोललं जातं. माझा प्रश्न तिथल्याच नाही, प्रत्येक नव्या-जुन्या नाट्यगृहाबद्दल आणि तालमीच्या प्रत्येक खोलीबद्दल आहे : बायकांचे संडास किती, कडी आहे का, तान्ह्याला निजवायला जागा आहे का, तालीम सुटल्यावर गाडी आहे का. आपल्या ज्या ज्या गटांचं पथनाट्य किंवा नाटक या वर्षी बसतंय, त्यांनी आपलं तालमीचं वेळापत्रक या अंकाच्या पत्त्यावर पाठवावं, आणि ते कुणाला विचारून केलं हेही लिहावं. आमचं वर दिलंच आहे. चैत्र यात्रेच्या आधीचे दोन मंगळवार तालीम नाही, घराघरांत पाहुणे असतात. किल्ली आक्कांच्या दुकानात.